डेकवरची बायो

टोरांटोत घर विकत घेताना एजंट छप्पर दाखवतो, घर तापवणारी फर्नेस किती जुनी ते सांगतो आणि तळघरात ओल येते का, या प्रश्नावर घसा खाकरतो. रॅकूनचा विषय मात्र कोणी काढत नाही. ते धरूनच चालायचं असतं. डेकखालची, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याखालची पोकळी, शेडचं छप्पर, कुंपणाची वरची फळी, धुराड्याचं तोंड, या सगळ्यावर त्यांची वहिवाट तुमच्या आधीपासून असते. सातबाऱ्यावर नाव तुमचं आणि कब्जा कुळाचा, असा मामला. आमच्या घराची किल्ली हातात आली त्या संध्याकाळीच शेडवरून एकाने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं होतं आणि मग सावकाश पाठ फिरवली होती.

कोल्हापूर-नाशिककडच्या वाचकांसाठी दोन ओळी. रॅकून हा उत्तर अमेरिकेतला निशाचर प्राणी. पोसलेल्या बोक्यापेक्षा थोराड, अंगाने बसका, पाठीत कमान, वजन पाच-दहा किलो, थंडीच्या तोंडावर त्याहून जास्त. राखाडी झुपकेदार अंग, शेपटीवर काळे पट्टे, डोळ्यांभोवती काळी पट्टी. त्या पट्टीवरून चोर-दरोडेखोरांचे विनोद इथे इतके होऊन गेलेत की मी त्यात भर घालत नाही. मागचे पाय उलटे वळवता येतात, म्हणून तो झाडावरून डोकं खाली करून उतरू शकतो. सगळं खातो: द्राक्षं, अंडी, गोगलगायी, बेडूक, पिझ्झ्याच्या कडा. शरद ऋतूत नवीन लावलेल्या हिरवळीच्या पट्ट्या गुंडाळून बाजूला ठेवतो आणि खालच्या मातीतले किडे वेचतो. सकाळी घरमालक बाहेर येतो तेव्हा त्याची दोनशे डॉलरची हिरवळ कोणीतरी लग्न उरकल्यावर सतरंजी गुंडाळावी तशी गुंडाळलेली असते.

या शहराने रॅकूनांविरुद्ध एक लढाई अगदी अधिकृतपणे लढून पाहिली. इथे ओला कचरा हिरव्या डब्यात भरून आठवड्यातून एकदा रस्त्याच्या कडेला ठेवायचा असतो. जुन्या डब्यांची झाकणं रॅकून सहज उघडत. २०१५ मध्ये तेव्हाचे महापौर जॉन टोरी यांनी पत्रकारांना बोलावून नवा डबा दाखवला आणि रॅकूनांचं हे राष्ट्र हुशार, भुकेलं आणि जिद्दी असलं तरी आपण हार पत्करणार नाही, अशा अर्थाचं भाषण केलं. पुढच्या वर्षीपासून फिरवायच्या कडीचे डबे घरोघर आले. खर्च सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर. ही कडी फिरवायला माणसासारखा आडवा येणारा अंगठा लागतो आणि रॅकूनला तो नाही, हा त्यामागचा हिशोब. बहुतेक डबे टिकले, हे खरं. पण २०१८ मध्ये इथल्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहर बाईंनी आपल्याच घरामागे कॅमेरा लावला, तर एक मादी डबा आडवा पाडून कडी फिरवताना पकडली गेली. शहरात त्या दिवशी ज्या स्वरात ही बातमी सांगितली जात होती, त्यात चीड फार नव्हती. आपला पोरगा बोर्डात आला, असा काहीसा सूर होता.

ही माया नवी नाही. जुलै २०१५ मध्ये यंग आणि चर्च या रस्त्यांच्या नाक्यावर फुटपाथवर एक रॅकून मरून पडला होता. पालिकेची गाडी यायला रात्र झाली. तोवर लोकांनी त्याच्याभोवती फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या, कोणीतरी चौकटीतला फोटो आणून ठेवला, त्याचं कॉनराड असं बारसंही झालं. मी तेव्हा या देशात नवी होते आणि ते फोटो बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की या लोकांना दुःख करायला काहीतरी हवं आहे. आता मी एवढी खात्रीने बोलणार नाही.

नाना, म्हणजे माझे सासरे, गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले. देवरुखचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ मनात नोंदवून ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यानंतर ते घराबाहेर फार पडत नव्हते. नवऱ्याने हट्टाने सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणारा व्हिसा, काढून त्यांना आणलं. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना काय करावं हे समजेना. दिवस नऊपर्यंत मावळत नाही, शेजारी दिसत नाहीत, पेपर येत नाही. जेवण झालं की ते सवयीने ताटातला शेवटचा घास उचलून मागच्या डेकच्या कठड्यावर ठेवत. कावळ्यासाठी. आमच्याकडे कठड्यावर कावळा कधीच उतरत नाही, खारी येतात. पण घास सकाळपर्यंत उरत नसे, एवढं नानांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाळत ठेवली.

"अगो, बाहेर ये. आवाज नको करूस," असं त्यांनी मला एका रात्री कुजबुजत बोलावलं. डेकच्या दोन फळ्यांमधून एक हात वर आला होता. पंजा म्हणवत नाही, हातच. काळा, केस नसलेला, लांब पाच बोटांचा. त्या हाताने फळी चाचपली, नानांच्या चपलेचा अंगठा चाचपला, पोळीचा तुकडा सापडल्यावर तो मुठीत धरायचा प्रयत्न केला आणि तुकडा फटीतून जात नाही म्हटल्यावर हात परत गेला. अर्ध्या मिनिटाने ती पायऱ्यांवरून राजरोस वर आली. मागे चार पिल्लं, एकामागोमाग एक. नाना जागचे हलले नाहीत. तीही हलली नाही. मग तिने त्यांच्याकडे बघत बघत, नजर अजिबात खाली न वळवता, हातांनी पोळी उचलली.

ते नजर न वळवणं मला फार दिवस चकित करत राहिलं. नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. रॅकूनचं निम्मं जग त्याच्या तळहातात असतं. स्पर्शाची जाणीव घेणारा जो मेंदूचा भाग, त्याचा फार मोठा हिस्सा एकट्या पुढच्या हातांना दिलेला. बोटांच्या टोकांशी, नखांच्या वर, मिशांसारखे बारीक केस असतात, त्यामुळे वस्तूला पुरतं हात लावायच्या आतच तिचा अंदाज येतो. रात्रीच्या ओढ्यात, गढूळ पाण्यात, दगडाखाली हात घालून शिंपला कुठला आणि खडा कुठला हे ओळखणारा हा प्राणी. त्याला काय खातोय ते बघायची गरजच नाही, डोळे तो पहाऱ्याला ठेवतो.

नानांनी तिचं नाव बायो ठेवलं. आमच्याकडे लहान मुलीला लाडाने म्हणतात तसं. दोन दिवसांनी ते पोळीशेजारी पाण्याचं पातेलं ठेवू लागले. बायोने पोळी पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी चोळली तेव्हा त्यांचा आनंद बघण्यासारखा होता. "बघितलंस? चक्क आपोशन घेतेय! आपल्या घरात आता कोण घेतो?" मी त्यांना सांगितलं की ती धुत नाही, ओल्या कातडीला स्पर्श अधिक चांगला कळतो आणि पाण्यात चाचपायची तिची जुनी सवय आहे. नानांनी ऐकून घेतलं. मग व्हॉट्सअॅपवर आलेला एक व्हिडिओ मला दाखवला. जपानमधल्या एका रॅकूनला कोणीतरी बुड्ढी के बाल देतं, तो ते पाण्यात बुडवतो, ते विरघळून जातं आणि तो पाण्यात वेड्यासारखा शोधत राहतो. नाना तो पुन्हा पुन्हा बघत. हसायचे मात्र पहिल्याच वेळी.

पलीकडच्या घरात एक वयस्क पोर्तुगीज बाई राहतात. अझोर्स बेटांवरून पन्नासेक वर्षांपूर्वी आलेल्या. टोरांटोच्या या भागात पोर्तुगीज आणि इटालियन घरांमागे द्राक्षाचे मांडव असतात, तसा त्यांचाही आहे. सप्टेंबरात अख्खी गल्ली आंबूस वासाने भरून जाते. त्या रोज रात्री स्टीलच्या ताटलीत मांजराचं खाणं मागच्या पायरीवर ठेवत. मांजर त्यांच्याकडे नाही. नवरा गेल्यापासून ठेवतात, असं त्यांच्या मुलीने मला कुंपणावरून सांगितलं होतं. त्यांच्याकडचे रॅकून बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून उभे राहत, त्या त्यांना पोर्तुगीजमध्ये रागावत. नाना आणि त्या बाई यांच्यात एकही भाषा समान नव्हती, पण संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं बोटांनी पिल्लं मोजत आणि आकडा जुळला की माना डोलवत.

कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका निवृत्त पोलिसाचे व्हिडिओ जगभर बघितले जातात. तो पोर्चवर बसलेला असतो आणि भोवती डझनावारी रॅकून सॉसेज खात असतात. त्याच्या बायकोला या प्राण्यांचा लळा होता, ती गेल्यावर त्याने ते चालू ठेवलं. हे कळल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. रॅकूनला खायला घालणारी जी जी माणसं मी जवळून पाहिली, त्यांच्या मनात ताट वाढताना दुसरंच कोणीतरी होतं. रॅकून आपला वेळेवर आला, इतकंच.

आणि याच कारणाने त्यांच्याशी वाद घालणं कठीण जातं. वाद मला घालावा लागला.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. किडे, अंडी, जंतू यांच्याशी माझी रोजची गाठ. ऑगस्टच्या सुरुवातीला शेडच्या छपरावर, एकाच कोपऱ्यात, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा साचायला लागली. रॅकून ठरावीक जागी जातात आणि ती जागा अनेकजण वापरतात. त्यांच्या आतड्यात एक जंत असतो, बेलिसअॅस्कॅरिस नावाचा. रॅकूनला त्याचा फारसा उपद्रव नाही. माणसाच्या, विशेषतः मातीत खेळून बोटं तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात त्याची अंडी गेली तर अळ्या शरीरभर हिंडतात, आणि मेंदूत शिरल्या तर मूल कायमचं जायबंदी होऊ शकतं. फार विरळा घडतं, हे मला माहीत आहे. पण अंडी कशी असतात हेही मला माहीत आहे. विष्ठा पडल्यावर दोन ते चार आठवड्यांत ती बाधक होतात आणि मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. ब्लीच ओतून उपयोग नाही. उकळतं पाणी लागतं. हातमोजे, मास्क, फावडं आणि किटलीमागून किटली, असा माझा एक रविवार शेडच्या छपराशी शिडीवर उभं राहण्यात गेला. खाली नाना किटल्या भरून देत होते आणि गप्प होते. समोरच्या घरातला तीन वर्षांचा मुलगा आमच्या कुंपणाला नाक लावून बघत होता. त्याची वाळूची पेटी आमच्या शेडपासून पंधरा पावलांवर आहे.

रेबीज हा दुसरा मुद्दा. ओंटारियो प्रांतातून रॅकूनांमधला रेबीज हटला होता, तो डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला पुन्हा सापडला. आमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. मग सरकारने लसीची आमिषं विमानांतून आणि हाताने टाकली. व्हॅनिलाच्या वासाची हिरवट वडी, आत लस, रॅकूनने चावली की काम झालं. मला ही योजना मनापासून आवडते. रॅकूनला खायला घालण्याचा एकमेव प्रकार, ज्यात त्याचं भलं होतं. बाकी ताटल्यांभोवती जमलेले रॅकून एकमेकांना काय देतात तर डिस्टेंपर. कुत्र्यांचा रोग, पण रॅकूनांत वणव्यासारखा पसरतो. पोर्तुगीज बाईंच्या अंगणात त्याच महिन्यात एक भर दुपारी आला. झोकांड्या खात, डोळ्यांत पू, माणसाला न बिचकता. बाईंना वाटलं तो धीट झालाय. तो मरत होता.

एप्रिल २०२३ पासून या शहरात घराच्या आवारातही वन्य प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे. पाखरांच्या फीडरला सूट आहे, रॅकूनला नाही. मी नानांना हे मराठीत समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या दारात आलेल्याला घास नाही म्हटलेला मला आठवत नाही. माळ्यावर उदमांजर होतं, त्याला कोणी हाकललं नाही."

"नाना, उदमांजराला तुम्ही ताट वाढत नव्हता."

"वाढायला कशाला हवं? ते आमच्या फणसावरच जगायचं."

गंमत अशी की त्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर दादरच्या कबुतरखान्याचं रण पेटलं होतं. ऑगस्ट २०२५. पालिकेने कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, लोकांनी ती ताडपत्री ओढून काढली, उच्च न्यायालयात तारखा पडत होत्या. नानांचा एक जुना सहकारी दादरला राहतो. त्याच्या फुप्फुसांना कबुतरांच्या पिसा-विष्ठेच्या धुळीने त्रास झाला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नाना ग्रुपवर तावातावाने लिहीत होते: दाणे टाकायला हे येतात, खोकायचं मात्र शेजाऱ्याने, पुण्य यांचं आणि एक्सरे आमचा. मी काहीच बोलले नाही. त्यांच्या दुसऱ्या हातात त्या वेळी पोळीचा तुकडा होता. त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. तुकडा त्यांनी खाऊन टाकला.

तेव्हापासून कठडा रिकामा राहू लागला. बायो येणं थांबली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पहिले काही दिवस तिने कठडा, पातेल्याची जागा, नानांच्या चपला असं सगळं चाचपून पाहिलं. मग ती शेडमागच्या रानचेरीकडे वळली. आम्ही काचेच्या दाराआड दिवा मालवून बसायला लागलो. खायला घालत होतो तेव्हा पाच मिनिटांत आटपणारा कार्यक्रम आता तास-दीड तास चालायचा आणि पहिल्यांदाच आम्हाला ती काय काय करते ते दिसलं. पिल्लांशी ती सतत बोलते, घशातल्या घशात, खुळखुळ्यासारखा बारीक आवाज. एक पिल्लू चेरीच्या फांदीवर अडकलं तर तिने वर जाऊन त्याला मदत केली नाही, खाली बसून आवाज देत राहिली, ते रडत, कुरकुरत स्वतःच उतरलं. गॅरेजच्या दाराची कडी तिने वाजवून पाहिली, सोडून दिली. दुसऱ्या दिवशी तीच कडी पुन्हा. यॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझन मॅकडोनाल्ड यांनी शहरी आणि रानातले रॅकून यांची तुलना केली आहे. दोरीने बांधलेला डबा समोर ठेवला तर रानातला रॅकून थोडी खटपट करून निघून जातो, शहरातला सोडत नाही. त्यांनी शहरी रॅकूनांना जीपीएसचे पट्टेही बांधले होते. मोठे रस्ते ते सहसा ओलांडत नाहीत, असं दिसलं. म्हणजे आमच्या दोन मोठ्या रस्त्यांमधल्या चार गल्ल्या हेच बायोचं गाव. नानांना हे ऐकून बरं वाटलं. "म्हणजे हिची गाडी आपल्याच डेपोतून सुटते," असं म्हणाले.

माणसाळवण्याच्या गोष्टीही मी त्यांना सांगितल्या. अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांच्याकडे १९२६ मध्ये मिसिसिपीहून एक जिवंत रॅकून भेट आला, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात शिजवायला म्हणून. कूलिजबाईंनी तिला रिबेका नाव देऊन व्हाइट हाउसमध्ये पाळलं, गळ्यात पट्टा बांधून फिरवलं. शेवटी तिची रवानगी प्राणिसंग्रहालयात. जपानमध्ये सत्तरच्या दशकात एका कार्टून मालिकेमुळे मुलांना रॅकून हवेसे झाले, हजारोंनी आयात झाले. वयात आल्यावर ते चावायला, फाडायला लागले तेव्हा लोकांनी रानात सोडले. आज तिथल्या जुन्या लाकडी देवळांच्या छपरांत त्यांची बिऱ्हाडं आहेत. जर्मनीत १९३४ मध्ये एडर तलावाकाठी दोन जोड्या सोडल्या होत्या, आता तिथे त्यांची संख्या लाखांच्या घरात. नानांनी यावर फक्त इतकंच विचारलं की रिबेकेला मुलंबाळं झाली का.

मग पितृपक्ष आला. आई अहेवपणी गेल्या, त्यामुळे त्यांचं अविधवा नवमीला. इथे गुरुजी मिळतात, पण नानांना ते नको होतं. मी जेरार्ड स्ट्रीटवरच्या देशी दुकानांतून गोठवलेली केळीची पानं आणली, वडे केले, खीर केली, आईंना आवडायची ती अळूची भाजी केली (अळू मात्र चिनी दुकानातलं, खाजरं निघालं, चिंच दुप्पट घालावी लागली). नानांनी पान वाढलं आणि ते डेकच्या कठड्यावर ठेवलं. सगळे आत येऊन बसलो. कावळा येईना. लांबवर मेपलवर दोन बसले होते, ओरडत होते, पण इकडे ढुंकून बघेनात. इथल्या कावळ्यांना माहीतच नाही की त्यांची कोणी वाट बघतंय. तीन वाजले, चार वाजले. देवरुखला असं झालं की कोणीतरी पुढे होऊन म्हणतं, काय राहिलंय ते सांगा, आम्ही करू, काळजी करू नका. नवऱ्याने दाराशी जाऊन हळूच तसं म्हटलंही. नाना काही बोलले नाहीत. जेवायला कोणी बसलं नव्हतं.

साडेसात वाजता, उजेड पुरता गेला नसताना, बायो आली. पिल्लं आता तिच्याएवढी दिसायला लागली होती, ती खाली थांबली. तिने पान चाचपलं. वडा उचलला, ठेवला. खिरीत बोटं घातली. नानांकडे बघत होती की काचेत दिसणाऱ्या स्वतःकडे, ते सांगता येत नाही. पालिकेचा नियम मला पाठ होता, किटल्या भरून पाण्याचा रविवारही आठवत होता. मी तो विषय काढला नाही. नाना उठले, हात धुतले आणि म्हणाले, "वाढ गो. उशीर झालाय."

दुसऱ्या दिवशी डेक मी उकळत्या पाण्याने धुतला.

थंडी पडायच्या आत नाना परत गेले. रॅकून अस्वलासारखे गाढ झोपत नाहीत, पण कडाक्याच्या दिवसांत बिळात पडून राहतात आणि अंगावरच्या चरबीवर काढतात. वसंतापर्यंत निम्मं वजन उतरू शकतं. बायो डिसेंबरात दिसेनाशी झाली. नाना दर रविवारी फोनवर आधी नातवंडांची आणि मग तिची चौकशी करत. रानातला रॅकून सरासरी दोन-तीन वर्षंच जगतो, गाड्या आणि रोगराई यांतून सुटला तर जास्त. हे मी त्यांना सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी आमच्या झोपायच्या खोलीच्या वर, छपराखालच्या पोकळीत, आवाज यायला लागले. आधी धप्प धप्प, मग काही दिवसांनी बारीक, पाखरांसारखी चिवचिव. पन्हळीच्या कोपऱ्यातली सडकी फळी उचकटून आत वाट केलेली होती. ती बायोच होती का? नवरा म्हणाला, असणारच. मला खात्री नाही. काळ्या पट्टीच्या रॅकूनांत मी एवढी ओळख सांगू शकत नाही.

इथे पिंजरा लावून दूर नेऊन सोडायची सोय नाही. कायद्याने पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो, आणि आईला पकडलं तर आत पिल्लं उपाशी मरतात. प्राणी हटवणाऱ्या माणसाने सांगितलं की घाई करू नका. तिच्या मनात दोन-तीन दुसऱ्या जागा तयार असतातच. तिला इथली जागा नकोशी करा: दिवा लावा, माणसांचा आवाज ठेवा, बोलण्याचा रेडिओ लावा, गाण्यांचा नको. आम्ही माळ्याच्या तोंडाशी दिवा टांगला आणि छोटा स्पीकर ठेवून इंग्रजी बातम्या-चर्चांचं स्टेशन लावलं. रात्रभर वर व्याजदर आणि हॉकी यांवर वाद चालू. पिल्लं शांत झोपली. आम्हीच जागे.

नानांना कळल्यावर ते म्हणाले, "तसल्या बोलण्याला ती सरावलीय. थांब, मी पाठवतो." त्यांनी देवरुखच्या देवळातल्या उत्सवातलं कीर्तन पाठवलं. अडीच तासांचं. बुवा खणखणीत आवाजाचे, झांज, चिपळ्या, पेटी, मध्येच ओरडून 'बोला पुंडलिक वरदे'. गाणी नकोत असं सांगितलं होतं, पण कीर्तन हे बोलणं की गाणं, याचा निकाल तो माणूसही देऊ शकला नसता. पहिल्या रात्री काही घडलं नाही. दुसऱ्या रात्री पूर्वरंग तिने बसून ऐकला, उत्तररंगात बुवांनी टिपेचा सूर लावला आणि वर हालचाल सुरू झाली. आम्ही मागच्या दाराशी येऊन बघितलं. ती पन्हळीवरून उतरली, तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. कुंपणावरून पलीकडे. परत आली, दुसरं नेलं. मग तिसरं. प्रत्येक खेपेला ती त्याच फळीवरून गेली. चौथ्यानंतर बराच वेळ ती आली नाही म्हणून आम्ही आत जाणार, तर पुन्हा आली, माळ्यात शिरली, सगळं चाचपून रिकाम्या तोंडाने निघून गेली. एक दिवस वाट बघून आम्ही भोक लोखंडी जाळीने बंद केलं.

नानांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी बुवांना कळवलं. बुवा म्हणे खूश झाले.

पलीकडच्या पोर्तुगीज बाई परवा कुंपणाशी आल्या. गेल्या वर्षीच्या त्या दुपारनंतर त्यांनी ताटली ठेवणं बंद केलं आहे, मुलीने फार समजावलं तेव्हा. त्यांनी द्राक्षाच्या मांडवामागच्या आपल्या शेडकडे बोट दाखवलं, मग कानावर हात ठेवून रात्रीची चिवचिव करून दाखवली. मी खांदे उडवले. त्यांनी आमच्या छपराकडे बोट दाखवलं, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून झांज वाजवल्यासारखं केलं, आणि मुलीचा नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. ते काय होतं ते तिला पाठवा, म्हणाल्या.